शुगर तपासायची ती तिशीनंतरच? मग पोरांचं काय?

१४ नोव्हेंबर नुकताच झाला. या एका तारखेला दोन दिवस येतात. शाळेत बालदिन आणि दवाखान्यात जागतिक मधुमेह दिन. शाळेत भाषणं, नाच, खाऊ. आरोग्य केंद्रात शुगरचं शिबिर. त्या शिबिराच्या रांगेत कोण असतं? तिशी ओलांडलेली माणसं, गुडघे धरून बसलेल्या आज्या, बीपीची गोळी चालू असलेले आजोबा. एकाच गावात दोन कार्यक्रम होतात आणि दोघांची गाठ पडत नाही. शाळेतल्या पोराच्या बोटाला त्या दिवशीही कुणी सुई टोचत नाही.

खरं तर मधुमेह दिनाचं मूळ पोरांच्या आजारातच आहे. १४ नोव्हेंबर १८९१ हा फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. कॅनडातल्या या डॉक्टरने आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लावला. जानेवारी १९२२ मध्ये ज्या रुग्णाला ते पहिल्यांदा टोचलं, तो टोरांटोच्या दवाखान्यातला १४ वर्षांचा मुलगा होता. त्याआधी या आजाराचं मूल काही महिने, फार तर एक-दोन वर्षं जगायचं.

म्हणजे औषध शोधून शंभर वर्षं उलटली. तरी आपल्याकडे लहान पोरांची शुगर वेळेत सापडत नाही, आणि न सापडलेल्या शुगरवर एक भयंकर बुरशी वाढू शकते. तिचं नाव आपण २०२१ मध्ये ऐकलंय. म्युकरमायकोसिस. लोकांच्या तोंडी काळी बुरशी.

२०२१ मध्ये काय झालं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ही बुरशी देशभर पसरल्यासारखी दिसली. २० मे २०२१ ला केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं की, साथरोग कायद्याखाली हा आजार नोंदणीचा करा, प्रत्येक रुग्ण कळवा. त्याच वर्षी जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण आणि चार हजारांहून जास्त मृत्यू नोंदले गेले. सगळ्यात जास्त रुग्ण महाराष्ट्रात होते.

बहुतेक रुग्ण मोठी माणसं होती. शुगर असलेली, स्टेरॉइड घेतलेली. त्यामुळे लोकांच्या डोक्यात बसलं की, हा मोठ्यांचा आणि कोरोनाचा आजार. पण जून २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी मुलांच्याही केसेस सांगितल्या. त्यातली १४ वर्षांची एक मुलगी मधुमेही होती. दवाखान्यात आल्यावर ४८ तासांत तिचा एक डोळा काळा पडला. सहा आठवडे उपचार झाले. जीव वाचला, डोळा गेला. दुसरी १६ वर्षांची. तिला आधी शुगर नव्हती. कोरोनातून उठली आणि एकदम मधुमेह घेऊनच दवाखान्यात आली. बुरशी तिच्या पोटाजवळच्या रक्तवाहिन्यांत सापडली.

पहिल्या मुलीची शुगर माहीत होती, दुसरीची माहीत नव्हती. बुरशीने दोघींनाही सोडलं नाही.

त्या काळात व्हॉट्सॲपवर आणखी एक गोष्ट फिरली. कांद्याच्या सालीवर काळे डाग दिसतात ना, तीच ही काळी बुरशी, कांदा खाऊ नका. आपल्या चाळीत कांदा पडलेला, भाव आधीच मातीमोल, त्यात ही आवई. कांद्यावरची काळी बुरशी वेगळी, ही वेगळी. एकीचा दुसरीशी संबंध नाही. मुळात म्युकर ही बुरशी काळी नसतेच. ती रक्तवाहिनीत शिरते, रक्त गोठवते, पुढचा भाग उपाशी मरतो. मेलेलं मांस काळं पडतं, म्हणून नाव पडलं काळी बुरशी. नावानेच घोटाळा केला. लोक काळा रंग शोधत बसले. काळं दिसेपर्यंत मात्र बराच उशीर झालेला असतो.

बुरशी सगळीकडे, मग सगळ्यांना का होत नाही?

ही बुरशी आपल्याला नवी नाही. उकिरडा, शेणखत, कुजलेला पाला, सडकं फळ, दमट जागी राहिलेला पाव, साधी माती, सगळीकडे तिचे बारीक कण असतात. आपण शेतकरी माणसं ते रोज नाकात घेतो. तरी काही होत नाही. एकाची दुसऱ्याला लागतही नाही.

द्राक्षाच्या बागेत डाउनी कधी येतो? नुसते बुरशीचे कण असून भागत नाही. ओल पाहिजे, हवामान पाहिजे, कोवळी पानं पाहिजेत. तसंच या बुरशीचं आहे. अंगात तिला जमीन तयार मिळाली तरच ती रुजते. ती जमीन चार गोष्टींनी तयार होते.

एक, रक्तात भरमसाट साखर. हे तिचं अन्न.

दोन, आंबट झालेलं रक्त. इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून केटोन नावाचा पदार्थ निघतो आणि रक्त आम्लधर्मी होतं. डॉक्टर याला डीकेए म्हणतात. या केटोनमध्येही तग धरण्याची सोय या बुरशीकडे आहे.

तीन, मोकळं लोह. एरवी रक्तातलं लोह प्रथिनांच्या कुलपात बंद असतं. रक्त आंबट झालं की हे कुलूप ढिलं पडतं. बुरशीला वाढायला लोह लागतंच, ते तिला आयतं मिळतं.

चार, झोपलेला राखणदार. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी साखर आणि आम्ल वाढलं की सुस्त होतात.

ज्या पोराचा मधुमेह ओळखलाच नाही, किंवा ज्याचं इन्सुलिन बंद पडलं, त्याच्या अंगात या चारही गोष्टी एकदम जमतात. म्हणून नाकातून गेलेला कण तिथेच थांबत नाही. नाकाजवळच्या हाडांच्या पोकळीत, तिथून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूत जातो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, घाबरून जाऊ नका. मुलांमध्ये ही बुरशी दुर्मिळ आहे. पण तिच्याकडे नेणारी वाट, म्हणजे न ओळखलेली शुगर आणि डीकेए, ही अजिबात दुर्मिळ नाही. डीकेए बुरशीशिवायही पोराचा जीव घेतो. वाट अडवली तर दोन्ही टळतात.

पोरांची शुगर वेगळी असते

"एवढ्याशा पोराला कशाची शुगर? गोड खातंय का ते एवढं?" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पोरांचा मधुमेह बहुतेक वेळा टाइप १ असतो. त्यात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराचीच संरक्षण यंत्रणा मारून टाकते. गोड खाल्ल्याने तो होत नाही. आईचं काही चुकलेलं नसतं. बारीक पोरालाही होतो, मजुराच्या पोरालाही होतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात २० वर्षांखालील २ लाख २९ हजारांहून जास्त मुलामुलींना टाइप १ मधुमेह आहे. जगात ही संख्या सर्वात जास्त आपल्या देशात.

लक्षणं चार. पोरगं सारखं पाणी मागतं. सारखं लघवीला जातं. खाऊन-पिऊन वाळत चाललंय. दमतं, खेळायला जात नाही. आणखी एक खूण आयांनी लक्षात ठेवावी. अंथरूण ओलं करायची सवय सुटलेलं पोरगं पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, तर त्याला रागावण्याआधी शुगर तपासा. लघवी केलेल्या जागी मुंग्या जमतात, हे तर आपल्या जुन्या माणसांनाही माहीत होतं.

इथे ओळखलं नाही तर पुढचा टप्पा येतो. पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, पोरगं गुंगीत जातं.

आता आपल्या गावात या टप्प्यावर काय होतं ते बघा. उलट्या म्हणून गॅस्ट्रोचं औषध. धाप म्हणून न्यूमोनियाची शंका. अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून. कुणी जवळच्या बोगस डॉक्टरकडे नेतं, तो "ताकद येईल" म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावतो, वर स्टेरॉइडचं इंजेक्शन ठोकतो. म्हणजे शुगर आधीच चढलेली, त्यात आणखी साखर आणि साखर वाढवणारं औषध. काही घरांत बाहेरची बाधा म्हणून अंगारा-धुपाऱ्यात दोन दिवस जातात. या सगळ्यांत कुणाच्याही मनात ही एक गोष्ट येत नाही की, बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यावा आणि यंत्रावर टाकावा.

बुरशी शिरल्याच्या खुणा

ज्या पोराची शुगर जास्त आहे किंवा नुकताच डीकेए झालाय, त्याच्या बाबतीत या खुणा दिसल्या तर रात्र काढू नका.

चेहऱ्याची एकच बाजू दुखते, सुजते किंवा बधिर वाटते. एका बाजूचं नाक बंद, त्यातून रक्ताळलेला किंवा काळपट शेंबूड. एका डोळ्याची पापणी खाली येते, डोळा पुढे आल्यासारखा दिसतो, एकाचे दोन दिसतात. टाळूवर काळा डाग. दात हलायला लागतात. जोडीला ताप आणि डोकेदुखी.

गजकर्ण, नायटा किंवा तोंडात आलेला पांढरा थर म्हणजे ही बुरशी नव्हे. शुगरच्या पोरांना तेही त्रास जास्त होतात, त्यावर औषध घ्यावं, पण त्यासाठी धास्ती घेऊ नये.

खऱ्या म्युकरवर उपचार तीन बाजूंनी एकदम चालतात. शुगर आणि रक्तातलं आम्ल ताब्यात आणणं, मेलेलं मांस ऑपरेशन करून काढणं आणि ॲम्फोटेरिसिन बी नावाचं इंजेक्शन. यातली एकही बाजू लंगडी पडली तर बाकीच्या दोन पुरत नाहीत. कान-नाक-घशाचे, डोळ्यांचे, मुलांचे असे तीन-चार डॉक्टर एका जागी लागतात. ही सोय तालुक्याला नसते, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात असते. म्हणजे गावातून निघायला लागलेला प्रत्येक तास पोराच्या डोळ्याच्या हिशेबात धरला जातो.

पैशाचा हिशेब

२०२१ मध्ये ॲम्फोटेरिसिनची टंचाई आठवत असेल. लोक एका कुपीसाठी जिल्हे पालथे घालत होते. सात हजार रुपयांच्या आसपास कुपी मिळायची. मे २०२१ मध्ये आपल्या वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने हे इंजेक्शन बनवायला सुरुवात केली आणि किंमत १,२०० रुपये ठेवल्याचं जाहीर झालं. जूनमध्ये जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्य केला. महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजनेत म्युकरचा उपचार घेतला. हे सगळं चांगलं झालं, मान्य.

पण हिशेब करून बघा. या औषधाच्या लिपोसोमल प्रकाराचा नेहमीचा डोस किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. २० किलोच्या पोराला रोज १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या. तीन आठवड्यांच्या झाल्या ४२ कुप्या. सात हजारांच्या भावाने २ लाख ९४ हजार रुपये. ऑपरेशन, आयसीयू, तपासण्या, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी वेगळीच. आणि गेलेला डोळा कोणत्याच योजनेत परत मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला शुगर तपासायची पट्टी. बाजारात पंचवीस-तीस रुपयांच्या घरात एक.

व्यवस्थेत भोक नेमकं कुठं आहे

सरकारचं शुगर-बीपी तपासणीचं अभियान वयाच्या ३० पासून सुरू होतं. आशा ताई घरोघरी फॉर्म भरतात तो तिशीच्या पुढच्यांचा. मोठ्यांच्या मधुमेहासाठी हे बरोबरच आहे.

पोरांसाठी वेगळा कार्यक्रम आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं, डोळे-दात-कान-हृदय बघतं. या कार्यक्रमामुळे किती तरी पोरांची हृदयाची ऑपरेशनं मोफत झाली. पण त्याच्या मूळ ३० आजारांच्या यादीत मुलांचा मधुमेह नव्हता.

म्हणजे मोठ्यांच्या यंत्रणेला पोरं दिसत नाहीत आणि पोरांच्या यंत्रणेला शुगर दिसत नाही. मधल्या भोकातून टाइप १ चं पोरगं खाली पडतं, ते थेट आयसीयूत.

योजनेचंही तसंच. महात्मा फुले योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. पण ते प्रामुख्याने दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. पोरगं भरती होऊ नये म्हणून रोज लागणाऱ्या सुया आणि पट्ट्या त्यात बसत नाहीत. डोळा काढायच्या ऑपरेशनला योजना आहे, डोळा वाचवणाऱ्या पट्टीला नाही. घोडं अडलंय ते इथं.

करायचं म्हटलं तर जमतं. केरळमध्ये 'मिठाई' नावाची सरकारी योजना आहे. टाइप १ च्या १८ वर्षांखालील मुलांना त्यात इन्सुलिन आणि लागणारं साहित्य मोफत मिळतं. आयसीएमआरनेही जून २०२२ मध्ये टाइप १ मधुमेहासाठी देशातली मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद तयार आहे. तो तालुक्यापर्यंत उतरवायचा राहिलाय.

इन्सुलिन थांबलं की धोका सुरू

ज्यांच्या पोराचं निदान झालंय, त्यांच्यासाठी एकच नियम. इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. पोरगं आजारी असलं, कमी खात असलं, तरी डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना विचारून, पण बंद नाही. "इन्सुलिनची सवय लागते" हे म्हणणं म्हणजे जेवणाची सवय लागते म्हणण्यासारखं आहे. त्या पोराच्या अंगात ते बनतच नाही. अमुक काढा, तमुक पाला घेऊन टाइप १ चं इन्सुलिन सुटतं असं जो सांगेल, तो तुमच्या पोराच्या जिवाशी खेळतोय.

आता हंगाम ऊसतोडीचा आहे. आपल्या भागातल्या किती तरी जोड्या पोरांना घेऊन कारखान्यावर गेल्यात. तिथे कोपीत वीज नाही, फ्रीज नाही, दवाखाना लांब. अशा कुटुंबात शुगरचं पोरगं असेल तर निघण्याआधी पुरेसं इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत पाहिजे. चालू कुपी साधारण चार आठवडे बाहेर टिकते, पण ऊन आणि गाडीच्या टपावरची धग तिला चालत नाही. फ्रीज नसेल तर पाण्याचं मडकं ओल्या वाळूत ठेवून त्यात, प्लास्टिकच्या डबीत कोरडी राहील अशी कुपी ठेवा. बर्फात कधीच ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

गावाने काय मागायचं

आपल्या प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आहे. तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा.

पहिला, आपल्या उपकेंद्रात शुगरचं यंत्र चालू आहे का आणि पट्ट्या आहेत का? नसतील तर या निधीतून घेता येतील का?

दुसरा, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिन आज किती दिवस पुरेल एवढं आहे? १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य केंद्रांत उपचार मोफत आहेत. मोफत म्हणजे शिल्लकही असायला पाहिजे.

तिसरा, शाळेत येणाऱ्या पथकाला मुख्याध्यापक आणि शाळा समितीने सांगावं. सगळ्या पोरांची शुगर तपासा असं नाही. जे पोरगं सारखं पाण्याला-लघवीला जातंय, वाळतंय, त्याची त्याच दिवशी तपासा. वर्गातलं कोणतं पोरगं चार वेळा बाहेर जातं हे गुरुजींना आणि बाईंना पथकाच्या आधीच माहीत असतं.

लक्षणं असताना कोणत्याही वेळी घेतलेली शुगर २०० किंवा जास्त आली तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. उलट्या आणि धाप असेल तर १०८ ला फोन करा आणि गाडीत बसतानाच सांगा, "पोराला शुगर आहे." हे तीन शब्द ऐकून डॉक्टर पुढचा रस्ता बदलतो.

बुरशी मारण्याचं औषध वर्ध्यात बनतं, ऑपरेशन मुंबई-पुण्यात होतं. पण ती रुजू न देण्याचं काम गावातच होतं, अंगणवाडीत, शाळेत आणि उपकेंद्रात. त्याला लागतो रक्ताचा एक थेंब आणि पोरालाही शुगर असू शकते हे मानायची तयारी. पुढच्या १४ नोव्हेंबरला शिबिराच्या रांगेत आजोबांच्या मागे त्यांचा नातूही उभा दिसला पाहिजे.